शिट्टी वाजलीच नाही

९ जानेवारी

कापडवाल्याने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली. एरवी हिच्यात मी गिऱ्हाइकांची मापं लिहिते. यंदा मापं जुन्या वहीतच राहू देत. हिच्यात रेल्वेचं माप काढायचं आहे.

जावई काल इस्पितळातून घरी आले. जिना नको म्हणून माझ्याकडेच आणलं. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. लेकीने त्यांना खाटेवर बसवलं, पाठीशी उशा लावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन मला पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत होते तिचे. सारा जन्म मी लोकांचे खांदे मोजत आले, मला का कळत नाही?

अपघात माझ्याच घरामागे झाला. रूळ ओलांडून रस्ता जातो, फाटक नाही. एक पाटी आहे, 'थांबा, पाहा, ऐका'. एवढी पाटी ठोकली की रेल्वेचं कर्तव्य संपलं. मी शिवणयंत्रावर होते. पायाखालच्या पट्टीतून हादरा आला, म्हणून उठले. खिडकीतून पाहिलं तर रुळांवर बर्फाच्या लाद्या पसरलेल्या आणि जावयांची तीनचाकी आडवी. शिट्टी वाजली नव्हती. वाजली असती तर मी ऐकली नसती का, वीस पावलांवर बसून?

रेल्वेने बर्फ कारखान्याला कळवलं आहे : 'चालकाने बर्फ वितळेल या घाईत, न थांबता वाहन रुळांवर घातले.' कारखान्याच्या मालकाने ते वाचून जावयांची जागा दुसऱ्याला दिली. घाईत म्हणे! ज्या माणसाला चहा निववून निववून प्यायला अर्धी सकाळ लागते, तो घाईत? बर्फ भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला असतो, तो काय लगेच वितळतो? पण रेल्वेच्या साहेबांनी बर्फ फक्त पेल्यात पाहिलेला.

पाय गेला तो गेला. पण जन्मभर सावकाश चालवणाऱ्याला कागदावर घाईखोर ठरवलं, ते मी खोडून घेणार.

१६ जानेवारी

वकीलबाई येऊन गेल्या. त्यांचा पहिला काळा गाऊन मीच शिवला होता. इतक्या बारीक होत्या की खांद्यांत पॅड घालून दिले, न्यायाधीशांना दिसाव्यात तरी म्हणून. या गावातल्या सगळ्या वकिलांचे गाऊन माझ्या हातचे. गाऊन अंगावर चढवून आरशासमोर ते आपापसांत खटल्यांचं बोलतात, आणि मी तोंडात टाचण्या धरून ऐकते. रद्दीवाल्याकडून कायद्याची पुस्तकंही आणलीत. मला शिकवायला कुणी बसलं नव्हतं, पण 'वादी' कोण आणि 'प्रतिवादी' कोण एवढं कळतं.

वकीलबाईंनी दावा दाखल केलाय. वाचून पाहिला. 'प्रतिवादी रेल्वेच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.' बस्स. मी विचारलं, "निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय केलं मेल्यांनी?"

"ते मुद्दामच मोघम ठेवलंय, मावशी."

मोघम! मोघम मापावर गाऊन शिवला तर घालणाऱ्याला चालेल का?

जावयांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, तुकड्यातुकड्याने आठवेल. मुळात ते बोलतातच तोंडातल्या तोंडात. लग्न झालं तेव्हा जरा तरी मोठ्याने बोलायचे.

२ फेब्रुवारी

कुकरची शिट्टी बिघडली आहे. बटाटे करपले. नवी शिट्टी आणली, तीसुद्धा वाजेना. दुकानदाराने माझ्यासमोर तपासून दिली, ओठ हलवून काहीतरी म्हणाला आणि हसला. हसण्यासारखं काय त्यात? हल्ली सगळंच नकली. कुकरही रेल्वेच्याच कारखान्यात होत असावेत.

शिवणयंत्र मात्र तेल घातल्यापासून इतकं मऊ चालतं की आवाज म्हणून नाही.

२० फेब्रुवारी

रेल्वेच्या वकिलाने कोर्टात अर्ज दिला : निष्काळजीपणा झाला म्हणता तर कोणत्या नोकराने, कोणतं कृत्य केलं किंवा केलं नाही, ते नेमकं सांगा, नाहीतर आम्ही उत्तर कशाचं द्यायचं? बिचारे! माणसाचा पाय नेला आणि वर विचारतात, आमचं चुकलं कुठे ते दाखवा.

हा वकील म्हणजे गोडबोल्या. सगळे त्याला याच नावाने ओळखतात, तोंडावरही. त्याचा गाऊन मी दोनदा पोटात सैल केलाय. तिसऱ्यांदा आला तर शिवण उसवूनच देईन हातात.

न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला. आता तपशील द्यायचा आहे.

२६ फेब्रुवारी

वकीलबाई कापायच्या टेबलावर पाय हलवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, नीट विचार करा. एकदा कृत्य नेमकं लिहिलं की आपण त्यालाच बांधले जातो. जे लिहिलं नाही त्याचा पुरावा देऊ देत नाहीत. म्हणून मी चार-पाच गोष्टी घालणार आहे. वेग, पाटी पुसट होती, पहारेकरी नव्हता..."

मी कात्री खाली ठेवली. "पाच गोष्टी सांगणाऱ्याला एकीचीही खात्री नसते. मी खडूने एकच रेघ मारते आणि एकदाच कापते. शिट्टी वाजली नाही. लिही."

"फक्त तेवढंच?"

"मी स्वतः होते ना इथे! त्याहून मोठा पुरावा काय हवाय तुला?"

शेजारची इस्त्रीवाली दारातच उभी होती. ती हल्ली दार न वाजवता एकदम समोर येऊन उभी राहते, काही रीतभात म्हणून नाही. हात नाचवत म्हणाली, "अहो, शिट्टी तर रोज वाजते की!" तिचं काय सांगता? रेल्वेच्या साहेबांचे गणवेश इस्त्रीला येतात तिच्याकडे. ती रेल्वेचीच री ओढणार.

वकीलबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात नेऊन काहीतरी विचारलं. लेक परत आली ती खाली मान घालून. जावयांनी कागदावर सही केली. एवढं मात्र स्पष्ट म्हणाले, "आई म्हणतात तर तसंच असेल." बघा, मनात आणलं की बोलता येतं.

१९ मार्च

रेल्वेची कैफियत आली, म्हणजे आमच्या दाव्यावरचं तिचं उत्तर. सुपारीएवढी अक्कल आणि सुपाएवढा कागद. परिच्छेद एक अमान्य. दोन अमान्य. वादीला इजा झाली हेही अमान्य! उद्या गाडीला चाकं आहेत हेही अमान्य करतील.

परिच्छेद सहा तर फ्रेम करून लावण्यासारखा. उतरवून ठेवते : 'सदर ठिकाणी रुळांलगत रचलेल्या स्लीपरांमुळे इंजिनचालकास रस्ता दिसत नसल्याने, त्याने खबरदारी म्हणून नेहमीपेक्षा लांब शिट्टी वाजवली.' नेहमीपेक्षा लांब म्हणे! नेहमीची तरी कधी ऐकली कुणी?

वकीलबाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "मावशी, हा ढीग केव्हापासून आहे?"

आता हे मला विचारायचं? गेल्या वर्षी रुळांखाली घालायचे सिमेंटचे जुने स्लीपर आणून माणसाहून उंच रचून ठेवलेत. पूर्वी खिडकीतून पार वळणावरची गाडी दिसायची. आता गाडी दिसते ती एकदम रस्त्यावरच. पण माझं दुखणं वेगळंच आहे. दिवस कलताना त्या बाजूने सरळ सुईच्या नेढ्यावर उजेड यायचा, तो त्या ढिगाने गिळला. दोरा ओवायला आता दारात जावं लागतं. रूळ दुरुस्त करणाऱ्यांच्या मुकादमाला मी तेव्हाच झापलं होतं. तो दात काढून म्हणाला, "आजी, उजेडाचापण दावा लावा."

वकीलबाईंना म्हटलं, "उजेडाचा दावा मागाहून लावू. यात मिसळू नकोस. चोळीच्या कापडात परकर कापू नये."

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शिकलेल्या मुली, पटकन समजत नाही त्यांना.

११ एप्रिल

जावई कुबड्यांवर अंगणापर्यंत गेले. मी गाऊनच्या बाह्या कापत होते. परत येऊन खाटेवर बसले आणि माझ्याकडे पाहून बराच वेळ पुटपुटत राहिले. मी म्हटलं, "हो हो, बघू." काय उत्तर देणार? लेक माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी कुणाच्या खिशातून काही काढलंय.

हल्ली दोघं माझ्यासमोर बोलत नाहीत. मी आले की थांबतात. ज्यांच्यासाठी जीव पाखडतेय त्यांनी ही तऱ्हा करावी!

५ जून

आज माझी साक्ष झाली. निळी साडी नेसले होते.

वकीलबाईंनी समोर उभं राहून विचारलं, मी सांगितलं : यंत्रावर होते, शिट्टी वाजली नाही. शपथेवर सांगितलं आणि खणखणीत सांगितलं.

मग गोडबोल्या उठला. आधी गोड हसून तब्येत विचारली, किती वर्षं शिवता, वगैरे. मी तडातड उत्तरं दिली. मग तो शहाणा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. कोर्टाचा वेळ म्हणजे काय याच्या घरचा? मीही गप्प उभी राहिले. सरळ त्याच्या गाऊनच्या पाठीकडे बघत होते. मधली शिवण ताणली होती. पुन्हा जाडा झालाय.

खूप वेळ तसाच गेला. मग पाहते तर सगळे माझ्याकडेच बघताहेत. कारकून तोंडावर हात धरून हसत होता. न्यायाधीशांनी पुढे वाकून, चष्मा काढून काहीतरी विचारलं, मी "हो" म्हटलं. गोडबोल्या वळला, वाकून नमस्कार केला आणि खाली बसला.

त्याने एकही प्रश्न विचारला नाही! धास्तावला मला. एवढं सगळं असताना लेकीने तोंड ओंजळीत का घेतलं होतं, कळलं नाही.

६ जून

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

वकीलबाई सकाळीच आल्या. बोलल्या नाहीत. टेबलावर काळं कापड पसरलं होतं. माझा खडू उचलून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'मावशी, काल त्याने तुमच्याकडे पाठ करून तीन प्रश्न विचारले.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. त्याखाली त्यांनी लिहिलं : 'तिसरा प्रश्न होता, तुम्हाला माझा आवाज येतोय का?'

मी त्यांना म्हटलं, कापड खराब केलंस.

ते कापड मी झटकलं नाही. घडी घालून ठेवलंय.

१४ जून

कानाचा डॉक्टर पोरगेलासा होता. एका पेटीत बसवून कानांवर टोप चढवला. आवाज आला की बटण दाबा म्हणाला. मी वाट बघत बसले. त्याचा आलेख पाहिला, जिन्यासारखा खाली खाली गेलेला. बारीक, चिरके आवाज सर्वात आधी जातात म्हणे. दाराची टकटक, कुकर, आणि ते दुसरं. हे सगळं त्याने कागदावर लिहून दिलं. वर माझ्या पाठीवर थोपटलं. थोपटायची काय गरज होती?

कुकरचा दुकानदार का हसला ते आज कळलं. बारा गावच्या लोकांना नावं ठेवत फिरले आणि बिघडलेली शिट्टी माझ्याच डोक्यात होती.

२१ जून

यंत्र आलं. कानामागे शेंगदाण्याएवढं. आधी काय ऐकू आलं, तर माझ्या शिवणयंत्राचा खडखडाट. इतका बोजड! तेल घातलं होतं ना मी?

मग जावई बोलले. त्यांचा आवाज मी विसरलेच होते. पुटपुटत नाहीत ते. साधंच बोलतात, हळू, पण स्पष्ट.

"आई, आता ऐकू येतं ना? मग पुन्हा सांगतो. शिट्टी वाजली होती."

मी खाटेच्या कडेला बसले.

"मला एप्रिलमध्येच आठवलं. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. शिट्टी ऐकली म्हणून तर मी थांबलो. पण कुठल्या बाजूने येतेय कळेना. डावीकडे पाहिलं, तर नुसते स्लीपर. ढिगापलीकडे दिसावं म्हणून गाडी जरा पुढे घेतली. जराशीच."

"मग तेव्हा मोठ्याने का नाही सांगितलंत?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "तू 'हो हो, बघू' म्हणालीस. आम्हाला वाटलं, तुला सगळं माहीत आहे आणि तू आमच्यासाठी खोटं रेटतेयस. वकीलबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन विचारलं तेव्हाही मी म्हटलं, आईला चांगलं ऐकू येतं. तू बहिरी आहेस असं चारचौघांत कोण म्हणणार? त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा आई खोटारडी बरी?"

लेक रडायला लागली. ते मात्र सगळं ऐकू आलं.

माणूस शिट्टी ऐकून थांबला होता. पाटीवर लिहिलंय तसा थांबला, ऐकलं, पाहिलं. आणि मी कोर्टात छाती काढून सांगून आले की शिट्टीच नव्हती, म्हणजे याला थांबायचं कारणच नव्हतं. रेल्वेने त्याला घाईखोर म्हटलं आणि मी शपथेवर त्याला पुष्टी दिली. एकच रेघ मारली, एकदाच कापलं, आणि भलत्याच माणसाचं माप घेऊन.

३० जून

वकीलबाईंनी दाव्यात दुरुस्तीसाठी अर्ज दिला. शिट्टी काढा आणि लिहा : रुळांलगत स्लीपर रचून दृष्टी अडवली, ढिगाबद्दल इशारा दिला नाही, वाहन थांबूनही चालकाला गाडी दिसू शकली नाही.

गोडबोल्याने हात पसरले. "न्यायमूर्ती, जानेवारीत मोघम, फेब्रुवारीत शिट्टी, जूनमध्ये स्लीपर! उद्या आकाश पडलं म्हणतील. आम्ही कितव्या गोष्टीला उत्तर द्यायचं?" सगळे हसले. ऐकू येऊ लागल्यापासून या माणसाचा गोडवा जास्तच बोचतो.

निर्णय राखून ठेवलाय. साक्षीदाराने, म्हणजे मी, आधीची साक्ष का फिरवली ते पुन्हा येऊन सांगायचं.

४ जुलै

ढीग नाही!

सकाळी खिडकी उघडली तर मोकळं. जमिनीवर नुसते पांढरे ओरखडे आणि वाळलेलं गवत. वर्षभर कुणाला हलवायला वेळ मिळाला नाही, आणि अर्ज पडताच क्रेन आली. मुकादम लांबून माझ्याकडे बघत होता. मी हाक मारली, "काय रे, माझा उजेड परत केलास?" तो तोंड फिरवून गेला.

दुरुस्तीला रेल्वेचा लेखी विरोध आला : 'सदर ठिकाणी प्रतिवादीने कधीही काहीही रचून ठेवले नव्हते.'

कधीही. काहीही. त्या बर्फासारखंच, दिसेनासं झालं की नव्हतंच.

वाचता वाचता मला पेन्सिलीची रेघ आठवली. उठले, दाव्याचे कागद काढले, परिच्छेद सहा पुन्हा वाचला. मग इस्त्रीवालीच्या फोनवरून वकीलबाईंना गाठलं. त्या पलीकडून एवढ्या जोरात हसल्या की कानामागचं यंत्र शिट्टी मारायला लागलं.

१८ जुलै

पुन्हा निळीच साडी.

गोडबोल्या म्हणाला, "आजी, मागच्या वेळी शपथेवर सांगितलंत शिट्टी वाजली नाही. आज म्हणता वाजली असेल. तुमच्या शपथेला काही किंमत आहे?" या वेळी तोंड माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, "मला शिट्टी ऐकू आली नाही, हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. वाजली नाही, हे मी मनचं जोडलं. दोन वेगळी कापडं होती, मी एकात शिवली. चूक माझी. माझ्या जावयाची नाही. त्यांनी शिट्टी ऐकली आणि ते थांबले."

"आणि तो काल्पनिक ढीग?"

"त्याला माझे कान नव्हते लागत. डोळे लागत होते, ते ठणठणीत आहेत. तुमच्या गाऊनची पाठ उसवत आलीय, तेही दिसतंय मला."

न्यायाधीशांनी मला गप्प केलं, पण वेळ लावला. मग वकीलबाई उठल्या आणि रेल्वेच्याच कैफियतीतला परिच्छेद सहा वाचला, सावकाश, एकेक शब्द. 'रुळांलगत रचलेल्या स्लीपरांमुळे इंजिनचालकास रस्ता दिसत नसल्याने.' वकीलबाई म्हणाल्या, "आम्ही शिट्टीचा आरोप केला नसता तर यांनी हे वाक्य लिहिलंच नसतं. नेमकं लिहिलं की त्याला आम्ही बांधले जातो. मग हे का नाही?"

गोडबोल्याने रुमाल काढला. आपली लांब शिट्टी मिरवायला गेले आणि ढीग आपल्याच हाताने कागदावर रचून ठेवला!

दुरुस्ती मंजूर.

२४ नोव्हेंबर

निकाल लागला. जावयांची साक्ष सप्टेंबरात झाली होती, सगळं दालन पुढे वाकून ऐकत होतं, कारण त्यांचा आवाज खरोखरच लहान आहे. न्यायाधीशांनी निकालात लिहिलंय : 'वादी थांबला होता.' मी ते वाक्य वकीलबाईंकडून लाल शाईत अधोरेखित करून घेतलं आणि बर्फ कारखान्याच्या मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तो म्हणाला, बसा, चहा घ्या. मी म्हटलं, घाईत आहे.

रेल्वे अपील करणार आहे. करू दे. त्यांच्या वकिलाला नवा गाऊन लागेल. मी शिवणार नाही.

२७ नोव्हेंबर

दिवस कलला. दारात न जाता सुई ओवली.

जावई कुबड्यांवर पलीकडच्या दुकानातून येत होते. तेवढ्यात गाडीने शिट्टी दिली. काय कर्कश! इतकी वर्षं या गल्लीने सहन कशी केली? लेकीला तसं म्हटलं, तर ती आतून ओरडली, "तुझा ठणाणा लावलेला रेडिओ सहन केला तशीच."

मी खिडकीतून पाहिलं. रुळांच्या अलीकडे जावई उभे होते, आणि लांब वळणावर गाडी. दोन्ही एकदम दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. ते थांबले, कुबडी टेकली, गाडी पार जाईपर्यंत उभे राहिले, आणि मग नेहमीप्रमाणे सावकाश निघाले.